जबड्याच्या सांध्याची शस्त्रक्रिया: निर्णय कसा घ्यावा आणि गुण कसा मोजावा

कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडले, की बोटाखाली जे हलताना जाणवते ते खालच्या जबड्याच्या हाडाचे टोक असते. डॉक्टर त्याला कंडाइल म्हणतात. हे टोक कवटीच्या खोबणीत बिजागरीसारखे फिरते आणि तोंड अधिक उघडू लागले की पुढेही घसरते. ही दुसरी हालचाल सुरळीत व्हावी म्हणून दोन्ही हाडांच्या मध्ये एक चिवट, लवचिक चकती असते. चकती जागेवरून सरकणे, सांध्याचे हाड झिजणे, सांधा वारंवार निखळणे, किंवा दोन्ही हाडे एकमेकांना जुळून सांधाच नाहीसा होणे, हे या सांध्याचे मुख्य आजार असून प्रत्येकाची शस्त्रक्रिया निराळी आहे. त्यामुळे ‘जबड्याचे ऑपरेशन सांगितले आहे’ एवढ्यावरून ना खर्चाचा अंदाज बांधता येतो, ना गुण किती येईल याचा. ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील ज्या रुग्णांना असे ऑपरेशन सुचवले गेले आहे, त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी कोणत्या क्रमाने विचार करावा, हे पुढे मांडले आहे.

दुखणे सांध्यातले की स्नायूंतले

जबडा दुखतो म्हणून येणाऱ्या रुग्णांपैकी पुष्कळांचे दुखणे सांध्यात नसून चावण्याच्या स्नायूंत असते. झोपेत दात खाण्याची सवय, मानसिक ताण, एकाच बाजूने चावणे अशा कारणांनी हे स्नायू थकतात. सकाळी उठल्यावर गाल आणि कानशिले जड वाटतात आणि दाबले की बऱ्याच मोठ्या भागात दुखते. सांध्यातले दुखणे सहसा कानापुढच्या बोटभर जागेत नेमके दाखवता येते, चावताना आणि तोंड मोठे उघडताना वाढते, आणि त्याच्यासोबत कट्ट असा आवाज, खरखर किंवा जबडा अडकणे यांपैकी काहीतरी असते. स्नायूंच्या दुखण्यावर सांध्याची शस्त्रक्रिया केली तर तिला गुण येत नाही, आणि पुढचा उपचार मात्र अवघड होतो. दोन्ही प्रकार एकत्र असतील तर सर्जन सांध्याजवळ बधिर करण्याचे इंजेक्शन देऊन पाहतात. त्याने दुखणे तात्पुरते थांबले, तर उगम सांध्यात असल्याचा तो चांगला पुरावा मानला जातो.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी दोन मोजमापे घरीच करता येतात. प्लास्टिकची साधी पट्टी घेऊन तोंड पूर्ण उघडावे आणि वरच्या व खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधले अंतर मोजावे. प्रौढ माणसात ते साधारणपणे 40 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असते. 35 च्या खाली गेले तर तोंड कमी उघडते असे समजावे. पट्टी नसेल तर स्वतःची तीन बोटे उभी करून दातांमध्ये शिरतात का ते पाहावे. वडापाव दाबून चपटा न करता खाता येतो की नाही, हेही ठाणेकराला पट्टीइतकेच नेमके सांगून जाते. दुसरे मोजमाप आरशासमोरचे: तोंड उघडताना हनुवटी सरळ खाली जाते की एका बाजूला वळते, आणि वळत असेल तर शेवटी पुन्हा मध्यावर येते की तशीच राहते, हे पाहून लिहून ठेवावे. चकती सरकून सांधा अडकलेला असेल, तर हनुवटी बहुधा त्याच बाजूला वळलेली राहते.

आपल्याकडे एक गफलत विशेष टाळण्यासारखी आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी असली, तरी सुपारी, मावा आणि त्यांचे भाऊबंद सुटलेले नाहीत. सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा पांढरट आणि ताठ होत जाते, तिखट लागताच तोंडाची आग होते आणि तोंड महिन्यामहिन्याने कमी उघडू लागते. यात सांधा निरोगीच असतो. ताठरपणा गालात असतो, आणि या विकारातून पुढे कर्करोग होण्याचा धोका असल्यामुळे त्याची तपासणी वेगळी आणि तातडीची असते. म्हणून सुपारीची सवय असेल तर ती पहिल्याच भेटीत सांगावी, संकोचाने लपवू नये. किडलेली किंवा अडकलेली अक्कलदाढ हेही तोंड न उघडण्याचे नेहमीचे कारण आहे.

तपासण्यांपैकी संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, स्वस्त असून सुरुवातीला तेवढा पुरतो. हाड नीट पाहायचे असेल तर सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) किंवा सीटी स्कॅन लागतो. चकती मात्र यांपैकी कशातही दिसत नाही, त्यासाठी एमआरआयच हवा, आणि तोही तोंड बंद व उघडे अशा दोन्ही स्थितींत काढलेला. चिठ्ठीवर तसे स्पष्ट लिहिलेले आहे ना, हे केंद्रावर जाण्यापूर्वी पाहावे. चित्रात चकती सरकलेली दिसली म्हणजे शस्त्रक्रिया हवीच, असे नव्हे. ज्यांना कसलाही त्रास नाही अशा अनेकांच्या एमआरआयमध्येही सरकलेली चकती आढळते. हीच गोष्ट आवाजाची: नुसता कट्ट आवाज येतो, दुखत नाही, तोंड पूर्ण उघडते, तर ऑपरेशनचे काही कारण नाही.

केव्हा थांबावे, केव्हा थांबू नये

चकतीचे विकार आणि सांध्याची झीज यांत बहुसंख्य रुग्ण मऊ आहार, शेक, वेदनाशामक औषधे, दातांवर बसवायची स्प्लिंट आणि व्यायाम यांनी बरे होतात. साधारण तीन ते सहा महिने हे उपचार मनापासून करूनही दुखणे आणि अडथळा कायम राहिला, तरच शस्त्रक्रियेचा विचार करावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. मनापासून हा शब्द महत्त्वाचा. स्प्लिंट डबीत ठेवून सहा महिने मोजले तर ते धरू नयेत. उलट सांधा पूर्ण जुळून गेलेला असेल, सांध्यात गाठ असेल, कंडाइल एका बाजूला वाढतच चालले असेल किंवा निखळलेला जबडा हाताने बसत नसेल, तर थांबण्यात नुकसान आहे. जबडा अचानक अडकून तोंड 25-30 मिलिमीटरवर थांबले असेल, तरीही फार काळ वाट पाहू नये, कारण पुढे सांगितलेल्या सांधा धुण्याच्या उपचाराला अशा वेळी लवकर केल्यास अधिक चांगला गुण येतो.

लहान उपायापासून मोठ्याकडे

सांधा धुणे, म्हणजे आर्थ्रोसेंटेसिस, ही या सर्वांतली सर्वांत साधी पायरी आहे. 1991 मध्ये नित्झान, डॉल्विक आणि मार्टिनेझ यांनी अडकलेल्या जबड्यासाठी तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून कितीतरी मोठी ऑपरेशने टळली. कानाचा पुढचा उंचवटा आणि डोळ्याचा बाहेरचा कोपरा यांना जोडणारी रेघ पेनाने त्वचेवर आखतात, तिच्या खाली दोन खुणा करतात, आणि जागा बधिर करून दोन सुया सांध्याच्या वरच्या कप्प्यात घालतात. एका सुईतून सलाइन किंवा रिंगर लॅक्टेट हा तसाच क्षारयुक्त द्रव आत सोडला की दुसरीतून ते थेंबथेंब बाहेर येऊ लागते. पहिले थेंब कधी गढूळ असतात, नंतर धार स्वच्छ होते. साधारण 100 ते 200 मिलिलिटर द्रव असा फिरवतात, मधूनमधून जबडा हलवून चिकटलेला भाग सोडवतात, आणि शेवटी काही वेळा हायल्युरोनिक आम्ल (सांध्यातल्या वंगणासारखे औषध) किंवा स्टेरॉइड सोडतात. या शेवटच्या औषधाचा वेगळा फायदा किती, याबद्दल एकमत नाही. त्यासाठी मोठी रक्कम सांगितली गेली तर ते का हवे आहे, हे अवश्य विचारावे. रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. कानापुढे सूज येते, त्या बाजूचे दात एक-दोन दिवस नीट टेकत नाहीत, आणि बधिरतेमुळे काही तास भुवई उचलता येत नाही. हे सारे आपोआप जाते. प्रसिद्ध झालेल्या बहुतेक अभ्यासांत 70 ते 90 टक्के रुग्णांना दुखणे कमी होऊन तोंड अधिक उघडण्याचा लाभ झालेला दिसतो. चकती मात्र जागेवर परत येतेच असे नाही आणि आवाजही राहू शकतो. यश मोजायचे ते दुखण्यावरून आणि मिलिमीटरवरून.

आर्थ्रोस्कोपीत सुमारे दोन मिलिमीटर जाडीची दुर्बीण सांध्यात घालतात. जपानमध्ये ओनिशी यांनी 1975 मध्ये ही पद्धत या सांध्यासाठी मांडली. पूर्ण भूल लागते, साधने महाग असतात आणि सराव असलेले सर्जन मोजके आहेत, म्हणून ती सर्वत्र मिळत नाही. आत पाहून चिकटलेले तंतू सोडवता येतात, हा तिचा फायदा.

सांधा उघडून करायच्या शस्त्रक्रियेत कानासमोर छेद घेतात. चकती जागेवर आणून शिवण्याचा प्रयत्न एडिंबरोच्या अ‍ॅनन्डेल यांनी 1887 मध्येच प्रसिद्ध केला होता, म्हणजे विषय नवा नाही. फाटलेली आणि वेडीवाकडी झालेली चकती काढून टाकणे हा दुसरा मार्ग. चकती काढलेल्या रुग्णांच्या 20-30 वर्षांच्या पाठपुराव्यांत दुखणे बरेच कमी राहिल्याचे दिसले आहे, जरी एक्स-रेमध्ये हाडाचा आकार बदललेला असतो. येथे सर्वांत मोठी काळजी चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या त्या शाखेची असते, जी भुवई उचलते. अल-कायात आणि ब्रॅमली यांनी 1979 मध्ये मोजून दाखवले, की ही शाखा कानाच्या छिद्राच्या पुढच्या कडेपासून 8 ते 35 मिलिमीटर अंतरात कुठेही असू शकते. म्हणजे सर्जन कितीही निष्णात असला तरी ती ताणली जाण्याची शक्यता उरतेच. बहुतेकांची भुवई काही आठवड्यांत, फार तर सहा महिन्यांत पुन्हा हलू लागते, क्वचित कायमची कमजोर राहते. कानापुढे बधिरपणा, जेवताना गालावर घाम येणे, दातांची ठेवण बदलल्यासारखे वाटणे, हेही संभाव्य परिणाम संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी समजून घ्यावेत.

वारंवार निखळणाऱ्या जबड्याचे प्रकरण तुलनेने सरळ आहे. रुग्णाच्याच हातातले थोडे रक्त काढून सांध्यात आणि त्याच्या भोवती सोडतात आणि काही आठवडे तोंड मोठे उघडू देत नाहीत. जांभई आली तरी हनुवटीला हात लावायचा. तेवढ्याने भागले नाही, तर ज्या उंचवट्यावरून कंडाइल पलीकडे जाऊन अडकते, तो हाडाचा उंचवटाच काढून टाकतात. निखळलेला जबडा घरी किंवा ओळखीच्या कुणाकडून बसवून घेऊ नये.

जुळून गेलेला सांधा

अँकायलोसिस, म्हणजे सांधा जुळून जाणे, हा भारतात अजूनही वरचेवर दिसणारा आजार आहे, आणि त्याचे मूळ बहुधा बालपणात असते. मूल जिन्यावरून किंवा झोक्यावरून हनुवटीवर पडते, हनुवटीला टाके घालून सर्वजण निश्चिंत होतात, आणि कानापुढे कंडाइल मोडलेले कुणी पाहत नाही. कधी कानाच्या जुन्या संसर्गातूनही हेच घडते. वर्ष-दोन वर्षांत तोंड बोटभरही उघडेनासे होते, हनुवटीची वाढ खुंटते, दात घासता न आल्यामुळे किडतात, आणि जीभ मागे पडल्यामुळे मूल रात्री घोरते, दचकून उठते. म्हणून हनुवटीवर पडलेल्या प्रत्येक मुलाचा सांध्याचा एक्स-रे काढून घ्यावा आणि पुढचे काही महिने त्याचे तोंड दर आठवड्याला मोजावे. हे एवढे केले तरी पुष्कळ ऑपरेशने टळतील, असे माझे ठाम मत आहे.

शस्त्रक्रियेत जुळलेले हाड सढळ हाताने काढावे लागते. सर्जन कॅबन यांनी 1990 मध्ये मांडलेला क्रम आजही बहुतेक ठिकाणी आधार म्हणून वापरला जातो: हाड पूर्ण काढणे, त्या बाजूचा कोरोनॉइड, म्हणजे कानशिलाचा स्नायू जिथे चिकटतो तो जबड्याचा भाग, कापणे, ऑपरेशनच्या टेबलावर तोंड 35 मिलिमीटरपर्यंत उघडले नाही तर दुसऱ्या बाजूचाही तो भाग कापणे, मोकळ्या जागेत कानशिलाच्या स्नायूचा किंवा त्याच्या आवरणाचा पडदा घालणे, आणि जबड्याची उंची बरगडीच्या हाडाने किंवा अन्य उपायाने भरून काढणे. बरगडीचा तुकडा लहान मुलात वाढतो, पण किती वाढेल याचा भरवसा देता येत नाही. कधी तो गरजेपेक्षा जास्त वाढून हनुवटी दुसऱ्या बाजूला ढकलतो. झोपेत श्वास अडकत असेल तर काही सर्जन आधी जबडा पुढे आणतात आणि मग सांधा मोकळा करतात. तोंडच उघडत नसल्यामुळे भूल देण्यासाठी नळी नाकातून, दुर्बिणीच्या साहाय्याने घालावी लागते. ही सोय आणि तिचा सराव असलेले भूलतज्ज्ञ आहेत का, हा रुग्णालय निवडताना विचारायचा पहिला प्रश्न आहे.

सांधा पुन्हा जुळण्याची दोन मुख्य कारणे आहेत: हाड पुरेसे न काढणे आणि व्यायाम सोडणे. पहिले सर्जनच्या हातात, दुसरे घरच्यांच्या.

कृत्रिम सांधा

सांधा पूर्ण झिजलेला, पुन्हा पुन्हा जुळणारा किंवा आधीच्या ऑपरेशनांनी बिघडलेला असेल, तर प्रौढांमध्ये कृत्रिम सांधा बसवतात. त्याचा जबड्याकडचा भाग टायटॅनियम किंवा कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचा असतो, खोबणीचा भाग घट्ट पॉलिथिलीनचा. या विषयाचा इतिहास कडू आहे. 1980 च्या दशकात अमेरिकेत प्रोप्लास्ट-टेफ्लॉन या कृत्रिम पदार्थाचे तुकडे चकतीच्या जागी सर्रास बसवले गेले. ते भुगा होऊन आसपासचे हाड खाऊ लागले आणि 1990-91 मध्ये ते परत मागवावे लागले. आजचे सांधे त्यापेक्षा फार निराळे असून दीर्घ पाठपुराव्यांत त्यांचा निकाल चांगला आहे, तरी अपेक्षा बेतानेच ठेवावी. कृत्रिम सांधा फिरतो, पण पुढे घसरत नाही. त्यामुळे जबडा बाजूला हलवणे जवळजवळ थांबते आणि तोंड बहुधा 30-35 मिलिमीटरच्या आसपास उघडते. धातूची अ‍ॅलर्जी असेल, खोट्या दागिन्यांनी कान चिघळत असतील, तर ते आधी सांगावे. किडलेले दात ऑपरेशनच्या आधीच बरे करून घ्यावेत, कारण कृत्रिम सांध्यात संसर्ग शिरला तर तो सांधाच काढावा लागू शकतो.

कुठे जावे आणि काय विचारावे

हे काम मॅक्सिलोफेशियल, म्हणजे जबडा आणि चेहऱ्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनचे आहे. नेरूळ, सीबीडी बेलापूर, खारघर आणि कामोठे येथील दंत महाविद्यालयांत या शाखेचे विभाग आहेत, आणि ठाण्याहून ट्रान्स-हार्बर मार्गाने तेथे पोहोचणे सोपे आहे. सरकारी दर हवे असतील तर सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय आहेतच. महाविद्यालयात केसपेपर काढल्यावर बहुधा आधी ओरल मेडिसिन (तोंडाच्या आजारांचे निदान करणाऱ्या) विभागात तपासतात आणि मग सर्जरीकडे पाठवतात. सकाळी लवकर पोहोचलेले बरे, आणि जुने एक्स-रे, एमआरआयच्या फिल्म व स्प्लिंट सोबत न्यावी.

सर्जनला सरळ विचारावे: माझे निदान नेमके कोणते आणि आजार कितव्या टप्प्यात आहे, याहून लहान उपाय करून पाहता येईल का, अशी शस्त्रक्रिया तुम्ही वर्षाला साधारण किती करता, आणि सहा महिन्यांनी माझे तोंड किती मिलिमीटर उघडलेले असावे अशी तुमची अपेक्षा आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर केसपेपरवर लिहून घेता आले तर उत्तमच. चांगले सर्जन या प्रश्नांनी नाराज होत नाहीत.

पैशांच्या बाजूने, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, गाठून आपली शस्त्रक्रिया यादीत बसते का, हे भरती होण्यापूर्वी विचारावे. मेडिक्लेम असेल तर ‘दंत उपचार’ या अपवादाकडे बोट दाखवून दावा नाकारला जाऊ शकतो. म्हणून चिठ्ठीवर सांध्याच्या आजाराचे नाव स्पष्ट लिहून घ्यावे आणि पूर्वमंजुरी घ्यावी.

घरी आल्यानंतर

पहिले दोन दिवस बर्फाचा शेक, नंतर गरम शेक. आहार पेज, मऊ वरणभात, मुगाची खिचडी, उकडलेला बटाटा असा ठेवावा. खाणाऱ्यांसाठी ओल्या बोंबलाचे कालवण फार सोयीचे, कारण ते चावावेच लागत नाही. मिसळीवरचे फरसाण, चकली, पेरू, ऊस यांना किती आठवडे हात लावायचा नाही, हे शस्त्रक्रियेनुसार सर्जन सांगतील. ऐन गर्दीच्या लोकलने लगेच प्रवास करू नये; कुणाचे कोपर कुठे लागेल याचा नेम नसतो.

व्यायाम हा उपचाराचा निम्मा भाग आहे, आणि अँकायलोसिसमध्ये तर त्याहून अधिक. सर्वांत स्वस्त साधन म्हणजे आइसक्रीमच्या लाकडी काड्या. वेदनाशामक गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाने, जेवढ्या काड्या सहज मावतात तेवढ्यांचा गठ्ठा बाजूच्या दातांमध्ये धरावा, पुढच्या दातांवर जोर देऊ नये. मग गठ्ठ्याच्या मधोमध आणखी एक काडी हळूहळू सरकवावी आणि ताण सोसेल तोवर तसेच थांबावे. नंतर दुसऱ्या बाजूला तेच. दिवसातून पाच-सहा वेळा हे करावे लागते आणि मुलांमध्ये किमान सहा महिने ते वर्षभर चालू ठेवावे लागते. मूल रडते, आजी म्हणते ‘राहू दे आज’, आणि तिथेच घोटाळा होतो. काड्यांची संख्या रोज भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुलालाच लिहायला लावली, तर ते अधिक खुशीने करते. चकतीच्या किंवा कृत्रिम सांध्याच्या शस्त्रक्रियेनंतर व्यायाम केव्हा आणि किती जोराने सुरू करायचा, हे मात्र सर्जनने सांगितल्याप्रमाणेच ठरवावे. तेथे घाईही नडते.

एका वहीत तारीख, पट्टीने मोजलेले मिलिमीटर, दुखण्याला शून्य ते दहापैकी गुण, आणि त्या दिवशी काय चावून खाता आले, एवढे आठवड्यातून एकदा लिहावे आणि पाठपुराव्याला वही सोबत न्यावी. कमावलेले मिलिमीटर लागोपाठ दोन आठवडे घटत गेले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवावे. ताप, जखमेतून पू, वाढती सूज, डोळा पूर्ण न मिटणे किंवा दात अचानक वेगळ्या जागी टेकू लागणे, यांसाठी त्याच दिवशी जावे.

सहा महिन्यांनीही दुखणे पूर्वीएवढेच राहिले तर लगेच दुसऱ्या ऑपरेशनला हो म्हणू नये. सांधा जितक्या वेळा उघडला जातो, तितकी पुढच्या वेळी गुण येण्याची शक्यता कमी होत जाते, हे या शाखेत सर्वमान्य आहे. आधीचे सर्व कागद आणि वही घेऊन दुसऱ्या सर्जनचे मत घ्यावे, दुखणे स्नायूंतले तर नाही ना हे नव्याने तपासून घ्यावे, आणि पहिली शस्त्रक्रिया कोणत्या कारणाने फसली याचे उत्तर मिळाल्यावरच पुढची तारीख ठरवावी.